सर्व्हर थांबतो तेव्हा : संगणक कक्षातील एका दोषाचा अभ्यास

प्रास्ताविक

निवासी विद्यालयातील संगणक कक्षाचे महत्त्व इतर शाळांतील कक्षांपेक्षा काहीसे अधिक असते. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही. आठवड्यातून ठरलेल्या तासिकांना संगणकासमोर बसावयास मिळते, तेवढाच त्यांचा सराव. त्यातील अर्धा तास वाया गेला, तर तो अन्यत्र कोठेही भरून काढता येत नाही.

एका शैक्षणिक वर्षात आमच्या कक्षातील असा अर्धा तास वारंवार वाया जाऊ लागला. तासिका सुरू होताच सर्व संगणकांचे पडदे जागच्या जागी थिजत आणि ‘सर्व्हर हँग झाला’ असा एकच गलका उठे. या दोषाचा शोध शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून कसा घेतला, त्यात आम्ही कोठे चुकलो आणि अखेर काय हाती लागले, हे प्रस्तुत लेखात क्रमाने मांडले आहे. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज शाळांत, पतसंस्थांत व निरनिराळ्या कार्यालयांत काम करीत आहेत. तेथेही जुने व नवे संगणक एकाच नेटवर्कमध्ये जोडलेले असतात. त्यांनाही हा अनुभव उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

कक्षाची रचना

आमच्या कक्षात २४ संगणक आणि एक सर्व्हर आहे. जो संगणक इतरांच्या फाइली सांभाळतो व मागताच त्या पुरवितो, तो सर्व्हर. आणि जे मागणी करतात, ते क्लायंट. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र फोल्डर होते. त्याशिवाय सरावचाचणीच्या सामायिक फाइली होत्या. विद्यार्थ्यांची यादी व हजेरी, प्रश्नसंच आणि उत्तरांच्या नोंदी यांच्या या फाइली सर्व संगणक एकाच वेळी उघडीत.

२४ संगणकांपैकी १८ त्यातल्या त्यात नवे होते. उरलेले सहा हितचिंतकांनी भेट दिलेले, बरेच जुने होते. त्यांची मेमरी थोडी, संचालन प्रणालीही जुनी. ते सुरू व्हावयास कित्येक मिनिटे लागत. म्हणून सकाळी परिपाठापूर्वी सेवागटातील विद्यार्थी प्रथम हे सहा संगणक सुरू करीत आणि त्यांतील जो आधी तयार होईल, त्यावर दिवसाची हजेरी भरून ठेवीत. ही साधी, सोयीची पद्धत होती. दोषाचे मूळ या पद्धतीशी निगडित असेल, असे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

आमचे दोन चुकीचे निष्कर्ष

सर्व्हर थांबतो, त्या अर्थी सर्व्हरच अपुरा आहे, असा आमचा पहिला निष्कर्ष. त्यानुसार आम्ही सर्व्हरची मेमरी वाढविली. खर्च झाला, दोष होता तसाच राहिला.

मुले एकाच वेळी अनेक खिडक्या उघडतात, म्हणून असे घडते, हा दुसरा निष्कर्ष. त्यापायी आम्ही विद्यार्थ्यांना बोल लावला. तोही निष्कर्ष खोटा ठरला.

या काळात एक ‘उपाय’ मात्र दर वेळी लागू पडत असे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत चाले. त्यामुळे पडदे थिजले की आम्ही ताबडतोब सर्व्हरचे बटण दाबू लागलो. एके दिवशी आठवीतील एका विद्यार्थिनीने पाऊण तास खपून लिहिलेली उत्तरे या बटणासरशी नाहीशी झाली. तिने तक्रार केली नाही. ‘पुन्हा लिहू का?’ एवढेच विचारले. त्या प्रश्नाने आम्हांला खडबडून जागे केले. तिची उत्तरे थांबलेल्या सर्व्हरने पुसली नव्हती, आमच्या घाईने पुसली होती. कारण ठाऊक नसताना केलेला उपाय स्वतःच एक नवा दोष होऊ शकतो, हा या प्रकरणातील आमचा पहिला धडा.

निरीक्षणांची वही

त्यानंतर आम्ही नियम केला की, पडदे थिजले तरी दहा मिनिटे कोणीही सर्व्हरला हात लावावयाचा नाही. केवळ पाहावयाचे व लिहावयाचे. कक्षात एक वही ठेवली. दिवस, वेळ, कोणता संगणक आधी सुरू झाला, हजेरी कोठे भरली, कोणाचे काम थांबले व किती वेळ थांबले, असे रकाने पाडले. नोंदी विद्यार्थ्यांनीच करावयाच्या होत्या.

तीन आठवड्यांत या वहीने चार गोष्टी स्पष्ट केल्या.

पहिली : पडदे थिजलेले असतानाही सर्व्हरला पिंग केल्यास उत्तर तत्काळ येत होते. पिंग म्हणजे ‘तू आहेस का?’ असा नेटवर्कवरून विचारलेला लहानसा प्रश्न होय.

दुसरी : सर्व्हरच्या पडद्यावर पाहिले असता प्रोसेसर जवळजवळ मोकळा होता आणि मेमरीही शिल्लक होती.

तिसरी : सारा वर्ग थांबलेला असता, स्वतःच्या फोल्डरमधील निबंध लिहीत बसलेल्या एका विद्यार्थ्याचे काम विनाअडथळा चालू होते. ‘सर, माझे जतन झाले,’ असे त्याने सांगितले, तेव्हा प्रथम आम्हांला ते खरे वाटले नाही.

चौथी : हात न लावल्यास दोन-तीन मिनिटांत सारे आपोआप सुरू होत असे, आणि त्या अवधीतही दर अर्ध्या मिनिटाने काम जरासे पुढे सरकून पुन्हा अडत असे.

या चार नोंदी एकत्र ठेवल्या, म्हणजे एक गोष्ट उघड होते. सर्व्हर थकलेला नव्हता आणि बंदही पडलेला नव्हता. तो कोणाची तरी वाट पाहत होता. कामाच्या ओझ्याने थांबणे आणि प्रतीक्षेत थांबणे, या दोन अवस्था बाहेरून अगदी सारख्या दिसतात; त्यांवरील उपाय मात्र सर्वस्वी भिन्न असतात. मेमरी वाढवून पहिल्या अवस्थेवर इलाज होतो, दुसरीवर नाही.

सर्व्हर कोणाची वाट पाहतो?

येथे फाइल सामायिक करण्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. ग्रंथालयातील एका नोंदवहीची कल्पना करू. वाचक एकच असेल, तर ग्रंथपाल त्याला सांगतो, ‘वही तुझ्या टेबलावर ने, हवे ते लिही. प्रत्येक ओळ लिहिली की मला दाखवावयास येऊ नकोस. मात्र दुसऱ्या कोणी वही मागितली आणि मी हाक मारली, तर आपल्या सर्व नोंदी पुऱ्या करून मला कळव.’ यामुळे वाचकाच्या खेपा वाचतात व ग्रंथपालाचा भारही हलका होतो.

सर्व्हर नेमके हेच करतो. एखाद्या क्लायंटने फाइल एकट्याने उघडली, तर त्याला ती आपल्या मेमरीत ठेवून काम करण्याची मुभा मिळते. या मुभेला ओपलॉक म्हणतात. दुसऱ्या क्लायंटने तीच फाइल मागितली, की सर्व्हर पहिल्याला ती मुभा सोडण्याचा निरोप धाडतो. पहिल्याने आपल्याकडील न पाठविलेले बदल सर्व्हरकडे परत पाठवावयाचे आणि मग ‘सोडली’ असे उत्तर द्यावयाचे असते. तोवर दुसऱ्याला फाइल दिली, तर त्याच्या हाती अपुरी माहिती पडेल. म्हणून सर्व्हर थांबतो.

पहिला क्लायंट उत्तरच देत नसेल तर? सर्व्हर अनंतकाळ थांबत नाही. सामान्यतः ही मुदत ३० ते ३५ सेकंदांची असते. ती संपली की सर्व्हर ती मुभा रद्द झाली असे मानून पुढे जातो. आमच्या वहीतील ‘दर अर्ध्या मिनिटाने’ या शब्दांचा अर्थ येथे उलगडला. सरावचाचणीच्या फाइली एकाहून अधिक होत्या. प्रत्येक फाइलीपाशी तीच प्रतीक्षा नव्याने घडे. सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने गुण का येत असे, हेही कळले. त्यामुळे दिलेल्या सर्व मुभा एकदम नाहीशा होत, आणि त्यांबरोबर विद्यार्थ्यांचे अपुरे कामही.

दोषी संगणकाचा शोध

आता प्रश्न उरला तो उत्तर न देणाऱ्या क्लायंटचा. वहीतील ‘हजेरी कोठे भरली’ हा रकाना येथे कामी आला. ज्या दिवशी हजेरी २१ किंवा २३ क्रमांकाच्या जुन्या संगणकावर भरली गेली, त्याच दिवशी वर्ग थांबला होता. इतर चार जुने संगणक वापरले, त्या दिवशी काहीच घडले नव्हते. सेवागट दर आठवड्याला बदलत असल्यामुळे दोष कधी दिसे, कधी दिसत नसे, आणि आम्ही त्याला लहरी समजत होतो.

तथापि, दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणजे त्यांतील एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम प्रयोग केला. दोन दिवस हे दोन्ही संगणक नेटवर्कपासून अलग ठेवले. वर्ग थांबला नाही. तिसऱ्या दिवशी केवळ २१ क्रमांकाचा संगणक जोडून त्यावर हजेरी भरली, वर्ग थांबला. त्या वेळी सर्व्हरवरील उघड्या फाइलींची यादी काढली, तेव्हा सामायिक फाइल प्रथम त्याच संगणकाने उघडल्याचे आढळले. २३ क्रमांकाबाबतही तसेच घडले.

पुढे या दोन संगणकांवरून एक मोठी फाइल सर्व्हरवर पाठवून पाहिली. शेजारच्या संगणकावरून जी काही सेकंदांत जाई, तिला येथून कित्येक मिनिटे लागली. पिंगचे उत्तर मात्र या दोन्ही संगणकांवरूनही झटपट येत होते. लहान निरोप जातो आणि मोठा अडखळतो, ही खूण महत्त्वाची आहे. तिचा माग काढीत आम्ही नेटवर्क कार्डाच्या मांडणीपाशी पोहोचलो.

नेटवर्कवरील संभाषण दोन प्रकारे होते. दूरध्वनीवर दोघेही एकाच वेळी बोलू शकतात. हे फुल डुप्लेक्स. पोलिसांच्या वॉकीटॉकीवर एक बोलत असता दुसऱ्याने थांबावे लागते. हे हाफ डुप्लेक्स. संगणक व स्विच यांनी कोणती रीत पाळावयाची, हे ते जोडले जाताच आपसांत ठरवितात. परंतु या दोन संगणकांच्या कार्डांवर पूर्वी कोणीतरी १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स अशी पक्की मांडणी करून ठेवली होती. अशा कार्डाने वाटाघाटीला उत्तर दिले नाही, म्हणजे स्विच वेग ओळखतो, पण रीत ओळखू शकत नाही, आणि नियमानुसार हाफ डुप्लेक्स धरतो. मग एक बाजू दूरध्वनीवर असल्यासारखी बोलत राहते व दुसरी वॉकीटॉकीवर असल्यासारखी. पिंगसारखा लहान निरोप या गोंधळातून निसटून जातो. मोठ्या फाइलीचे तुकडे मात्र एकमेकांवर आदळून पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात.

सारी साखळी आता जुळली. जुना संगणक संथ, म्हणून तो आधी सुरू केला जाई. आधी सुरू होई, म्हणून सामायिक फाइलीची मुभा त्याला मिळे. त्यावर हजेरी भरली जाई, म्हणून न पाठविलेले बदल त्याच्याकडे साचत. वर्ग आला, की ते बदल परत पाठविण्याचा निरोप येई. आणि कार्डाच्या मांडणीमुळे ते वेळेत पोहोचत नसत. तिकडे सर्व्हर थांबे व त्याच्यामागे सारा वर्ग थांबे. या साखळीतील कोणतीही एक कडी वेगळी असती, तर वर्ग थांबला नसता.

याच जातीचा दुसरा दोष

वीज गेल्याने असाच एक दोष उद्भवतो. सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो. क्लायंट मात्र निरोप न घेता बंद पडतात. सर्व्हरच्या लेखी ते अजून जोडलेलेच असतात व त्यांनी उघडलेल्या फाइली ‘वापरात’ राहतात. पलीकडचा संगणक जिवंत आहे की नाही याची चौकशी करण्याची सोय नेटवर्कच्या नियमांत आहे. परंतु विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत ती चौकशी मूळ मांडणीनुसार दोन तासांच्या शांततेनंतर सुरू होते. यावर सर्व्हर बंद करण्याची गरज नाही. जोडण्यांच्या यादीतून तेवढी मृत जोडणी काढून टाकली, तरी फाइल मोकळी होते आणि इतरांच्या कामाला धक्का लागत नाही.

जुन्या बोलीचा धोका

कार्डाची मांडणी दुरुस्त केली व वर्ग थांबणे बंद झाले. येथे लेख संपविता आला असता. परंतु शोध घेताना एक अधिक गंभीर गोष्ट लक्षात आली.

फाइली सामायिक करण्याची जी बोली विंडोजच्या नेटवर्कमध्ये वापरली जाते, तिला एसएमबी म्हणतात. तिचा उगम १९८०च्या दशकात आयबीएम कंपनीत झाला. विंडोज व्हिस्टाबरोबर तिची दुसरी, सुधारित आवृत्ती आली. विंडोज एक्सपी ही प्रणाली मात्र पहिलीच आवृत्ती बोलते. आणि तिला सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले. अशा काळातील क्लायंट नेटवर्कमध्ये ठेवावयाचे, म्हणजे सर्व्हरला जुन्या बोलीचे दार उघडे ठेवावे लागते.

त्या दाराची किंमत जगाला १२ मे २०१७ रोजी कळली. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेत एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला आणि अनेक देशांतील संगणकांवरील फाइली त्याने कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले. त्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्च महिन्यात दिलेली होती. ती न घेतलेले संगणक बळी पडले. आमच्या सर्व्हरवरही ते जुने दार सहा संगणकांसाठी उघडेच होते.

सहा जागांचा प्रश्न

सहाही संगणक काढून टाकावेत, असा एक विचार पुढे आला. तो तांत्रिकदृष्ट्या अचूक होता. पण त्यामुळे २४ जागांच्या १८ झाल्या असत्या आणि प्रत्येक तासिकेला सहा विद्यार्थी दुसऱ्याच्या खांद्यावरून पडदा पाहत उभे राहिले असते. उलटपक्षी सहा जागांसाठी सर्व विद्यार्थ्यांचे काम धोक्यात ठेवणेही योग्य नव्हते.

आम्ही मध्यम तोडगा काढला. सहांपैकी चार संगणकांवर लिनक्सची हलकी, नवी बोली बोलू शकणारी आवृत्ती बसविली. टंकलेखन, चित्रे, गणिती तक्ते व प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे त्यांवर उत्तम चालतात. उरलेले दोन त्याही योग्यतेचे नव्हते. ते आता नेटवर्कमध्ये नाहीत. संगणकाचे अंतरंग शिकण्यासाठी विद्यार्थी ते उघडून पुन्हा जोडतात. सर्व्हरवरील जुनी बोली बंद केली. अनेक संगणक एकाच वेळी लिहितात अशा सामायिक फाइलींवरील ओपलॉकची मुभाही काढून घेतली. हजेरी आता कोणत्याही संगणकावर भरता येते. २४ जागांच्या २२ झाल्या, हे खरे. त्या दोन जागा आम्ही पाळीने वाटून घेतो.

तपासणीचा क्रम

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांनी पुढील क्रम पाळावा.

१. सर्व्हर लगेच बंद करू नये. सर्वांना आपले काम स्वतःच्या संगणकावर जतन करावयास सांगावे.

२. पिंग करून पाहावे व सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क तपासावी. सर्व मोकळे असेल, तर सर्व्हर प्रतीक्षेत आहे असे समजावे.

३. कोणाचे काम चालू आहे, हेही विचारावे. जे बंद आहे तेवढेच पाहिल्यास अर्धे पुरावे हातचे जातात.

४. सर्व्हरवरील जोडण्या व उघड्या फाइली यांची यादी काढावी. अडलेली फाइल प्रथम कोणी उघडली, ते पाहावे.

५. संशयित क्लायंट अलग करावा आणि पुन्हा जोडून पाहावा. दोन्ही वेळा अपेक्षेप्रमाणे घडले, तरच कारण सापडले असे म्हणावे.

६. त्या क्लायंटची केबल, कार्डाची मांडणी, मेमरी व प्रणालीची आवृत्ती तपासावी. मोठी फाइल पाठवून वेळ मोजावा.

७. दोष दूर झाल्यावर, असा क्लायंट नेटवर्कमध्ये ठेवावा काय, याचा स्वतंत्र विचार करावा.

समारोप

जो थांबलेला दिसतो, त्याच्यातच दोष असतो असे नाही, हे आम्ही या प्रकरणातून शिकलो. सर्व्हरला आम्ही अपुरा ठरविले, विद्यार्थ्यांना बेशिस्त ठरविले. दोघेही निर्दोष होते. जुन्या संगणकांनाही सरसकट दोषी ठरविले असते, तर तेही अन्यायाचे झाले असते, कारण सहांपैकी चारांवर आजही मुले शिकत आहेत. खरे कारण विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे भरलेल्या एका वहीत सापडले. ती वही कक्षात अजून ठेवलेली आहे व तिच्यात आजही नोंदी होतात.

स्वाध्याय

१. सर्व्हर कामाच्या ओझ्याने थांबला आहे की प्रतीक्षेत, हे कोणत्या खुणांवरून ओळखाल?

२. सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने दोष तात्पुरता का नाहीसा होतो? त्यात कोणाचे नुकसान होऊ शकते?

३. पिंगचे उत्तर येते, परंतु मोठी फाइल जात नाही. यामागील एक कारण उदाहरणासह स्पष्ट करा.

४. आपल्या कक्षातील प्रत्येक संगणकाची मेमरी, संचालन प्रणालीची आवृत्ती व नेटवर्क कार्डाची मांडणी यांचा तक्ता तयार करून तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.